सामुदायिक शिक्षा : न्याय की सोय?



ज्या गुरुवर्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला योजिली जाते, त्यांच्या स्मृतीस मी प्रथम विनम्र अभिवादन करतो. शिक्षकाचे स्मारक दगडाविटांचे असण्यापेक्षा विचारांचे असावे, या भावनेने ही संस्था दरवर्षी आपणां सर्वांना एकत्र आणते. शिक्षकाच्या स्मृतिदिनी शाळेच्याच एखाद्या प्रश्नाचा विचार व्हावा, हे मला उचित वाटते. म्हणून मी आज एक वरकरणी लहानसा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. वर्गातील काही मुलांच्या हातून चूक घडते. ती कोणाच्या हातून घडली हे कळत नाही, किंवा कळून घेण्यास वेळ नसतो. आणि मग सबंध वर्गाला शिक्षा होते. ही शिक्षा न्याय्य आहे काय?

या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक प्रत्येकाने ही शिक्षा केव्हा ना केव्हा भोगलेली असेल. जे आज शिक्षक आहेत त्यांनी ती दिलेलीही असेल. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' असे म्हणून आपण तिचे समाधान करून घेतो. परंतु ही म्हण आगीविषयी आहे. आगीला विवेक नसतो म्हणून ती सुके-ओले निवडीत नाही. शिक्षकाकडून आपली अपेक्षा आगीपेक्षा काही अधिक असते.

मराठी घरांत या प्रश्नाची एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. ती लोकमान्य टिळकांच्या बालपणाची, शेंगांच्या टरफलांची. वर्गात टरफले पडलेली दिसली. कोणी खाल्ल्या हे कोणी सांगेना. गुरुजींनी साऱ्यांनाच शिक्षा फर्मावली. आणि आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, सबब शिक्षाही घेणार नाही, असे लहानग्या बाळने निर्भयपणे सांगितले. गोष्टीचा तपशील सांगणाऱ्यागणिक थोडाफार बदलतो. कोणी छड्यांचा उल्लेख करतात, कोणी टरफले उचलण्याच्या हुकमाचा. गाभा मात्र एकच राहतो. ही गोष्ट आपण एका तेजस्वी मुलाच्या बाणेदारपणाची म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. मला तीत दुसरीच मुले दिसतात. शेंगा न खाल्लेला बाळ त्या वर्गात एकटा खचित नसेल. आणखीही अनेक निरपराध मुले असतील, आणि त्यांनी शिक्षा मुकाट्याने घेतली असेल. ती मुले त्या दिवशी काय शिकली? निरपराध असणे उपयोगाचे नाही. खरे बोलल्याने काही बदलत नाही. मान खाली घातली की प्रसंग लवकर सरतो. टिळकांची गोष्ट एका मुलाची आहे. सामुदायिक शिक्षेचा प्रश्न त्या बाकीच्या मुलांचा आहे.

हाच मुलगा पुढे स्वतः शिक्षक झाला, हेही आपण विसरू नये. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि तेथे त्यांनी अध्यापन केले. शिक्षेच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या. आपणही दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. केवळ विद्यार्थ्याच्या बाजूने बोलून टाळ्या मिळवणे सोपे असते.

म्हणून प्रथम शिक्षकाची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. वर्गात पन्नास-साठ मुले असतात. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. फळ्याकडे तोंड करताच मागून शिट्टी येते. चौकशी करीत बसावे तर तास बुडतो. सोडून द्यावे तर उद्या दोन शिट्ट्या येतात. शिवाय वर्ग हा एक समुदाय आहे आणि समुदायाने आपल्या घटकांना आवरावे, ही अपेक्षा अगदीच अनाठायी नाही. आपल्यामुळे मित्रांना भोगावे लागते हे पाहून अपराधी मुलगा शरमेल, असाही एक हिशेब असतो. हे मुद्दे खोटे नाहीत. तथापि, नीट पाहिले तर त्यांतील पहिले सारे मुद्दे सोयीचे आहेत. केवळ शेवटचे दोन न्यायाशी संबंध सांगतात. सोय आणि न्याय यांची गल्लत आपण करू नये. सोयीसाठी केलेल्या गोष्टीला निदान न्यायाचे नाव देऊ नये.

या बाबतीत मुलांनाच विचारून पाहण्याची कल्पना जिनीव्हा येथील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना सुचली. मुलांच्या नैतिक निर्णयांविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सामुदायिक शिक्षेचे तीन प्रसंग वेगळे केले आहेत. पहिला असा की, मोठा माणूस अपराधी शोधण्याची खटपटच करीत नाही आणि सर्वांना शिक्षा करतो. दुसरा असा की, तो शोध घेतो, मुलांना अपराधी ठाऊक असतो, परंतु अपराधी कबूल होत नाही आणि इतर त्याचे नाव सांगत नाहीत. तिसरा असा की, शोध घेऊनही अपराधी सापडत नाही आणि इतर मुलांनाही तो ठाऊक नसतो. पहिल्या प्रसंगातील शिक्षा लहानथोर जवळजवळ सर्व मुलांना अन्यायाची वाटली. दुसऱ्या प्रसंगात काही मोठ्या मुलांना ती मान्य झाली, कारण मित्राला पाठीशी घालण्याचे आपण ठरवले, तर त्याची किंमतही आपण मोजावी, असे त्यांना वाटले. तिसऱ्या प्रसंगात अगदी लहान मुलांना कोणाला तरी शिक्षा झालीच पाहिजे असे वाटे. थोडी मोठी मुले मात्र म्हणत की, निरपराधांना शिक्षा होण्यापेक्षा अपराधी सुटलेला बरा.

हे वर्गीकरण आपल्याला फार उपयोगी आहे. आपल्या शाळांतून होणाऱ्या सामुदायिक शिक्षा बहुधा पहिल्या प्रकारच्या असतात, आणि आपण त्यांचे समर्थन मात्र दुसऱ्या प्रकारच्या युक्तिवादाने करतो. 'तुम्ही सगळे सामील आहात' असे आपण म्हणतो. पण सामील आहेत किंवा नाहीत हे पाहिलेले नसते.

कायद्याची दृष्टीही येथे विचारात घेण्यासारखी आहे. जमावाच्या कृत्याबद्दल जमावातील व्यक्तीला जबाबदार धरणारी तरतूद आपल्या कायद्यात आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ती कलम १४९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १९० मध्ये आहे. परंतु तेथेही जमाव बेकायदा असावा लागतो, त्याचा एक समान उद्देश असावा लागतो आणि ती व्यक्ती त्या जमावाची घटक असल्याचे सिद्ध व्हावे लागते. वर्गात मुले कोणत्या समान उद्देशाने बसतात? शिकण्याच्या! हजेरीपटावर नाव असणे हा कटातील सहभाग होऊ शकत नाही.

आपल्या परंपरेनेही या प्रश्नाचा विचार फार खोलवर केला आहे. महाभारताच्या आदिपर्वातील सर्पसत्राची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. परीक्षिताला दंश केला तो तक्षकाने. त्याचा पुत्र जनमेजय याने यज्ञ मांडला तो सकल सर्पकुलाच्या नाशासाठी. असंख्य सर्प त्या अग्नीत पडले. अखेर ज्याची माता नागकुळातील होती अशा आस्तिकाने येऊन तो यज्ञ थांबवला. आणि वाचला कोण? प्रत्यक्ष अपराधी तक्षकच! सामुदायिक शिक्षेची गत नेहमी अशीच होते. ज्यांचा संबंध नाही ते होरपळतात आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो सुखरूप राहतो. त्याच पर्वात सरमेच्या पिलाची लहानशी कथा आहे. काही अपराध नसता जनमेजयाच्या भावांनी त्या पिलाला मारले, तेव्हा सरमेने शाप दिला की तुम्हांला अदृष्ट भय प्राप्त होईल. मला तो शाप फार अर्थपूर्ण वाटतो. निरपराधाला मार बसतो त्या वर्गात एक न दिसणारे भय शिरते. नियम पाळूनही आपण सुरक्षित नाही, ही जाणीव म्हणजे ते भय होय.

आता अपराधी मुलगा शरमेल, या हिशेबाकडे वळू. 'खाई त्याला खवखवे' हे खरे. पण शिक्षा साऱ्यांत वाटली गेली की ती खवखव शमते. चाळीस जणांनी मिळून भोगलेल्या शिक्षेत ज्याचा त्याचा वाटा चाळिसावा होतो. अपराध एकट्याचा होता, तो सर्वांचा झाला. म्हणजेच कोणाचाच राहिला नाही. त्याला जे एकट्याने, मान वर करून, 'मी केले' असे म्हणायचे होते, ती संधी आपण काढून घेतली. शिक्षेचा हेतू जर चूक करणाऱ्याला त्याच्या चुकीपुढे उभे करणे हा असेल, तर सामुदायिक शिक्षा त्या हेतूचाच पराभव करते.

आणि बाकीचा वर्ग त्याला आवरील, ही अपेक्षा? वर्ग आवरतो खरा, पण कसा? बलवान मुलाला कोणी बोलत नाही. ज्याला मित्र कमी, ज्याची भाषा वेगळी, ज्याचे कपडे साधे, त्याच्यावर राग निघतो. शिक्षकाने स्वतः करावयाचे काम मुलांच्या टोळीकडे सोपविले की 'चोर सोडून संन्याशाला सुळी' हा प्रकार मधल्या सुट्टीत, भिंतीआड, कोणाच्या नजरेस न पडता सुरू होतो.

शिवाय सर्वांना सारखी शिक्षा ही सारखी नसतेच. हा मुद्दा या तालुक्यात विशेष जाणवावा. जोयडा तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. वाड्या जंगलात विखुरलेल्या. शाळा सुटल्यावर साऱ्या वर्गाला अर्धा तास बसवून ठेवले, तर शाळेलगत राहणाऱ्याचा अर्ध्या तासाचा खेळ बुडतो. दूरच्या वाडीवरील मुलीची मात्र गाडी चुकते. पावसाळ्याच्या दिवसांत तिला ओढा ओलांडून, अंधारात, रानातून चालत जावे लागते, आणि घरी आई दारात उभी राहते. एकाच वाक्याने दिलेली शिक्षा एकीला किरकोळ, दुसरीला जीवघेणी ठरते. ज्या मुलीने कदाचित काहीच केलेले नाही, तिला सर्वांत मोठी शिक्षा होते.

कोणी म्हणेल, अर्ध्या तासाच्या प्रश्नाचा एवढा ऊहापोह कशाला? माझे उत्तर असे की, जो न्याय मुले वर्गात पाहतात तोच पुढे समाजात चालवतात. तोच हिशेब सत्तेच्या हाती गेला की काय होते, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले पुण्याचे. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या दोघा अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी कोण हे सरकारला ठाऊक नव्हते. तरीही पुणे शहरावर जादा पोलीस बसविण्यात आले आणि त्यांच्या खर्चाचा बोजा नगरवासीयांवर टाकण्यात आला. नातू बंधूंना चौकशीवाचून अटकेत ठेवण्यात आले. त्या जुलै महिन्यात टिळकांनी केसरीत लिहिलेल्या अग्रलेखांपैकी एकाचे शीर्षक होते, 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. टरफलांच्या गोष्टीतील वर्गाच्या जागी येथे एक सबंध शहर होते. पुढे १४ सप्टेंबर १८९७ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

दुसरे उदाहरण याहून दारुण आहे. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढील कायद्यांनी तो मुंबई इलाख्यातही आला. अपराध कोणी केला हा प्रश्नच उरला नाही. विशिष्ट जमातीत जन्म झाला एवढे पुरे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे कुंपणाच्या आत, हजेरीच्या धाकात राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तथापि कायदा गेला तरी संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला या संशयाचे ओझे जवळून कळले. 'त्या वाडीची पोरे तसलीच' हे वाक्य एखाद्या वर्गात सहज उच्चारले जाते, तेव्हा त्याच कायद्याचा अंश तेथे बोलत असतो.

जगाने निदान युद्धाच्या बाबतीत हे ओळखले आहे. १९४९ सालच्या चौथ्या जिनीव्हा कराराच्या कलम ३३ अन्वये, त्या कराराचे संरक्षण असलेल्या व्यक्तीला तिने स्वतः न केलेल्या अपराधाबद्दल शिक्षा करता येत नाही, आणि सामुदायिक शिक्षेला मनाई आहे. शत्रूच्या प्रजेला जे संरक्षण आपण देऊ करतो, ते आपल्याच मुलांना नाकारणे कसे शोभेल?

मग समुदायाची काहीच जबाबदारी नाही काय? आहे, आणि येथे मला माझ्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. अपराध व्यक्तीचा असतो. कर्तव्य सर्वांचे असू शकते. या दोहोंची सरमिसळ झाली की अन्याय होतो. वर्गात टरफले पडली आहेत. 'तुम्ही सगळे दोषी, उचला' असे म्हणणे ही शिक्षा झाली. 'वर्ग आपला आहे, कोणी घाण केली ते मी पाहतो, पण तोवर चला, आपण सारे मिळून झाडू' असे म्हणून शिक्षकाने स्वतः पहिला केर उचलणे, हे कर्तव्य झाले. कृती तीच; पण पहिल्या कृतीने मूल अपमानित होते, दुसरीने मोठे होते. दोहोंतील फरक ओळखण्याची एक साधी कसोटी सुचवतो. जे काम शिक्षक मुलांबरोबर स्वतः करावयास तयार आहे ते कर्तव्य. जे तो खुर्चीवर बसून केवळ करवून घेतो, ती बहुधा शिक्षा असते.

भार उचलणे म्हणजे काय, हे सुप्याच्या माणसांना नव्याने सांगावयास नको. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणामागे जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. कित्येक कुटुंबे रामनगरला नव्याने वसली. वीज दूरदूरच्या गावांना मिळाली. घर मात्र येथल्यांचे बुडाले. ती शिक्षा नव्हती, तेथे अपराधाचा प्रश्नच नव्हता. परंतु दुसऱ्यांसाठी भार वाहताना माणूस कशाची अपेक्षा करतो, हे आपण जाणता. आपल्याला विचारले जावे, कारण सांगितले जावे आणि आपला मान राखला जावा, एवढीच ती अपेक्षा असते. वर्गातील मुलाची अपेक्षा याहून निराळी नाही.

शिक्षकाने भार स्वतःवर घेण्याचे एक असामान्य उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना फिनिक्स आश्रमातील दोघांच्या नैतिक स्खलनाची वार्ता त्यांना कळली. त्यांनी आश्रमाला शिक्षा केली नाही. पालकाची व शिक्षकाचीही काही अंशी जबाबदारी आहे असे मानून त्यांनी स्वतः सात दिवसांचा उपवास केला आणि साडेचार महिने एकभुक्त राहण्याचे व्रत घेतले. प्रत्येक शिक्षकाने असे करावे, असे त्यांनी म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. परंतु दिशा लक्षात घ्यावी. अपराधी सापडला नाही तर शिक्षेचा ओघ खाली, निरपराध मुलांकडेच वाहावा, असा काही निसर्गनियम नाही.

उद्या सकाळी वर्गात जाणाऱ्या शिक्षक बंधु-भगिनींना या विवेचनातून काही व्यवहार्य मिळावे, म्हणून चार गोष्टी सांगतो. पहिली, थांबावे. रागाच्या भरातला निर्णय पुढल्या तासावर ढकलला तर शिस्त कोसळत नाही. दुसरी, कबुलीला वाट ठेवावी. भर वर्गात 'कोण तो, उभा राहा' असे गरजण्यापेक्षा 'ज्याचे काम असेल त्याने मला मधल्या सुट्टीत भेटावे' असे म्हटल्यास अनेकदा अपराधी आपण होऊन येतो. मात्र आलेल्याला त्याच्या खरेपणाचा उपयोग झाला असे दिसले पाहिजे. तिसरी, शिक्षेऐवजी भरपाई मागावी. जे मोडले ते जोडावे, जे सांडले ते पुसावे. चौथी, अपराधी नाहीच सापडला तर तसे वर्गाला सांगावे, आणि निरपराधांना शिक्षा करण्यापेक्षा हा प्रसंग आपण शिक्षेवाचून सोडीत आहोत, असे स्पष्ट बोलावे. ही हार नव्हे. मुले ते वाक्य वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

प्रयोगशाळेतील उपकरणे पुनःपुन्हा फुटत असतील तर ती खोली काही दिवस बंद ठेवावी लागेल. ती खबरदारी होय, शिक्षा नव्हे. पण तसे सांगावे, आणि ती उघडण्याचा दिवसही सांगावा. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. तेव्हा साऱ्या वर्गाला छड्या मारण्याचा प्रश्न कायद्यापुरता मिटला आहे. खेळाचा तास काढून घेणे, सहल रद्द करणे, उशिरापर्यंत बसवून ठेवणे, या सौम्य दिसणाऱ्या शिक्षांचा प्रश्न मात्र आपल्या विवेकावर सोपवलेला आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यालाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. माझे बोलणे ऐकून उद्या कोणी 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत' असे म्हणेल. अवश्य म्हणावे, पण ज्याने खाल्ल्या असतील त्याने हे वाक्य उसने घेऊ नये. तसेच चुगली आणि साक्ष यांतला भेद ओळखावा. मित्राने खडू लपवला हे धावत जाऊन सांगणे ही चुगली. परंतु एखाद्या दुबळ्या मुलाला रोज छळले जात असताना आपण गप्प बसलो, तर ती मैत्री नव्हे. तेथे बोलणे ही साक्ष होय. मुलांनी योग्य वेळी साक्ष दिली, आणि साक्ष देणाऱ्याला शिक्षकांनी सांभाळले, तर सबंध वर्गाला शिक्षा करण्याची सबबच कोणाजवळ उरणार नाही.

पालकांना एवढीच विनंती की, घरी दोन भावंडांत भांडण झाले असता 'दोघांनाही एकेक' हा न्याय करण्यापूर्वी दोघांचे ऐकून घ्यावे. शाळेकडून आपण जी अपेक्षा करतो, तिची सुरुवात घरच्या ओसरीवर होते.

पुष्कळ मुले, थोडा वेळ आणि कोण चुकले ते कळत नाही, ही शिक्षकाची अडचण आजही आहे आणि उद्याही राहील. अडचण खरी असली म्हणून तिच्यातून निघालेला प्रत्येक मार्ग न्याय्य ठरत नाही. निरपराध मुलाने वर पाहिले असता शिक्षकाला आपली नजर खाली करावी लागू नये, एवढे जरी आपण साधले, तरी या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी समजेन.